पीक कापणी प्रयोग हा ‘प्रयोग’ नाही, तर मग काय आहे?

शिवारातली (प्रश्न)

नमस्कार. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय सांख्यिकी. गाव औसा तालुक्यात, लातूर जिल्हा.

कॉलेजच्या चाचणीत ‘प्रयोगाचं एक उदाहरण लिहा’ असा प्रश्न होता. मी पीक कापणी प्रयोग लिहिला. दरवर्षी आमच्या शिवारात होतो. दोरी लावून चौकोन आखतात, तेवढंच कापतात, मळतात, वजन करतात, आणि त्यावर महसूल मंडळाचा (काही गावांच्या गटाचा) पीक विमा ठरतो. सरांनी त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘हे निरीक्षण आहे.’ नावातच प्रयोग असताना ते निरीक्षण कसं?

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. प्रोजेक्टसाठी मी दिवाळीनंतर गावातल्या ३४ सोयाबीनवाल्यांकडे घरोघर गेले. फुलोऱ्यात टॉनिक फवारलं का (दुकानात मिळतं ते समुद्री शेवाळाच्या अर्काचं), आणि एकरी उतारा किती पडला, एवढं प्रत्येकाला विचारलं. बाकीचे पाच-सहा रकाने वहीत होते, पण वापरले नाहीत. १५ जणांनी टॉनिक मारलं होतं, त्यांची सरासरी एकरी ९.४ क्विंटल. १९ जणांनी मारलं नव्हतं, त्यांची ७.२. टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का, ते तपासणारी चाचणी) लावली, फरक ठळक आला. निष्कर्षात लिहिलं, ‘टॉनिकमुळे एकरी २.२ क्विंटल वाढ झाली.’

सर म्हणाले, ‘मुळे’ खोड. बाकी सगळं राहू दे, तो एक शब्द खोड.

मी एकही आकडा घरी बसून भरलेला नाही. काही जणांकडे तीन-तीन चकरा मारल्या. व्याख्या मला पाठ आहेत, पण इतक्या मेहनतीनंतरही ‘मुळे’ का म्हणायचं नाही, हे मनाला पटत नाहीये. आणि माझी वही बघून बाबा यंदा तिन्ही एकरांवर टॉनिक मारायचं म्हणतायत, म्हणून मला हे परीक्षेपुरतं नाही, खरंच समजून घ्यायचंय.

अंकमित्र

सोपं आहे. संशोधक स्वतः काही बदल घडवून आणतो आणि परिणाम बघतो, तो प्रयोग. जे आपोआप घडतंय ते नुसतं टिपतो, ते निरीक्षण. तू कोणाला ‘टॉनिक मार’ किंवा ‘मारू नको’ म्हणालीस का? नाही. म्हणून निरीक्षण. सर बरोबर आहेत.

जुना फील्डमन

वरच्यांनी लिहिलंय ते बरोबरच आहे, पण बेटा, तुझा प्रश्न ‘का’ असा आहे आणि त्याचं उत्तर व्याख्येत मिळणार नाही. मी ३१ वर्षं एका संशोधन केंद्रावर प्लॉट आखले, पेरले, कापले. कॉलेजात सांख्यिकी शिकलेलो नाही. जे कळलं ते वावरात कळलं, तेच सांगतो.

त्या १५ जणांनी टॉनिक मारायचं हे ठरवलं कोणी? त्यांनी स्वतःच. आता ती माणसं डोळ्यांपुढे आण. फुलोऱ्याच्या दिवसांत वरखर्चाला पैसा कोणाच्या हातात असतो? आणि ज्याचं पीक उभं राहिलंय, काळंभोर दिसतंय, तोच म्हणतो की आता एवढं आलंय तर अजून एक फवारणी घेऊ. ज्याचं रान पिवळं पडलंय तो म्हणतो, आता कशाला पैसे घालू. मग टॉनिकने पीक चांगलं आलं, की चांगलं पीक बघून टॉनिक आलं? तुझ्या वहीत दोन्ही अगदी सारखंच दिसणार. तू तीन काय तीस चकरा मारल्यास तरी सारखंच दिसणार, कारण खोट तुझ्या मोजण्यात नाहीच. मोजायला जाण्याआधीच गावाने आपली वाटणी करून टाकली होती.

प्रयोगात ही वाटणी कोणाच्याच मनावर ठेवत नाहीत. चिठ्ठी टाकतात.

माझी नोकरी लागून तीनच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रब्बी ज्वारीवर खताच्या मात्रांचा प्रयोग होता. सहा ट्रीटमेंट (खताच्या सहा मात्रा, त्यातली एक बिनखताची), चार ब्लॉक (साधारण सारख्या जमिनीचे भाग, प्रत्येकात सहाही मात्रा), एकूण २४ प्लॉट. सुतळी ताणून, चुन्याने रेघा मारून, खुंट्या ठोकून झाल्या. साहेबांनी प्रत्येक ब्लॉकच्या सहा-सहा चिठ्ठ्या माझ्याच टोपीत टाकून काढल्या, नकाशावर उतरवल्या आणि ते गेले. टॅग लावायचं काम माझं. तिसऱ्या ब्लॉकात ‘बिनखताचा’ प्लॉट नेमका जुन्या उकिरड्याच्या जागेवर पडला होता. ती जागा मला माहीत होती, कारण केंद्राने जमीन घ्यायच्या आधी तिथे आमच्याच भावकीचा उकिरडा होता. तिथली ज्वारी दरवर्षी हातभर जास्त वाढायची. मी विचार केला, बिनखताचा प्लॉट इथे आला तर खत घातलेल्यांवर अन्याय होईल. म्हणून शेजारच्या प्लॉटशी टॅग बदलून टाकला. वाईट हेतूने नाही, न्याय करतोय असंच वाटलं.

दोन दिवसांनी साहेब नकाशा हातात घेऊन रांगेने टॅग तपासत आले आणि तिसऱ्या ब्लॉकात थांबले. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, पण जे बोलले ते मी विसरलो नाही. म्हणाले, “उकिरडा माहीत होता तर चिठ्ठी टाकायच्या आधी सांगायचंस, ती जागाच सोडली असती. चिठ्ठी पडल्यावर हात लावायचा नाही. आज तुला उकिरडा दिसला म्हणून बदललंस. उद्या तुला एखादा प्लॉट नुसता बरा वाटेल म्हणून बदलशील. मग शेवटी ज्वारी खताने वाढली की तुझ्या मनाने, हे मी कसं ओळखू?”

त्या दिवशी तो ब्लॉक आठ-दहा मीटर खाली सरकवला आणि त्याच्या चिठ्ठ्या नव्याने टाकल्या.

यातलं मर्म बघ. उकिरडा मला माहीत होता. पण त्या रानात मला माहीत नसलेल्या किती गोष्टी असतील? कुठे खाली मुरूम आहे, कुठे हुमणी जास्त, कुठे पूर्वी बैल बांधत होते. माहीत असलेली अडचण ब्लॉक पाडून, जागा सोडून टाळता येते. माहीत नसलेलीला तोड एकच, चिठ्ठी. चिठ्ठीला कोणाचं रान चांगलं ते ठाऊक नसतं, म्हणून ती कोणत्याच ट्रीटमेंटची बाजू घेत नाही. चार-सहा ब्लॉकांत पुन्हा पुन्हा टाकली की बऱ्यावाईट जागा सगळ्यांच्या वाट्याला येतात. अगदी सारख्या येत नाहीत, थोडंफार इकडेतिकडे होतंच, पण ते इकडेतिकडे किती असू शकतं याचा हिशेब मांडता येतो. तुझी टी-टेस्ट तोच हिशेब मांडते. गावाने आपल्या मर्जीने केलेल्या वाटणीतला कल तिला दिसत नाही.

हे सुचलंही शेतातच. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर १८४३ पासून खतांचे पट्टे चालू होते. रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ १९१९ साली तिथे रुजू झाला तेव्हा पाऊणशे वर्षांच्या नोंदी तयार होत्या. पण एका पट्ट्याला वर्षानुवर्षं एकच खत. मग पट्टा चांगला की खत चांगलं, हे वेगळं काढायचं कसं? त्यातून त्याने चिठ्ठ्यांची शिस्त बसवली. आपल्याकडे ती शेतीवाल्यांच्या हातात दिली पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढलेलं त्यांचं पुस्तक आमच्या ऑफिसच्या कपाटात बांधणी सुटलेल्या अवस्थेत होतं, आणि साहेब ते स्वतःच्या हाताने दोऱ्याने शिवून ठेवायचे. डॉ. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, हे तुझ्या वर्गात सांग.

आता एक काम कर. वहीत विहीर-बोअरचा रकाना आहे का बघ. शेंगा भरताना पावसाने ताण दिला असेल तर ज्याच्याकडे पाणी होतं त्याने एखादं तरी पाणी दिलं असणार. पाणीवाले आणि कोरडवाहू वेगळे करून आकडे टाक.

शिवारातली

काका, रकाना होता. रात्री बसून वेगळे केले. हे बघा.

पाणीवाले: टॉनिक मारलेले १२ जण, सरासरी १०.० क्विंटल. न मारलेले ५ जण, ९.२.

कोरडवाहू: टॉनिक मारलेले ३ जण, ७.०. न मारलेले १४ जण, ६.५.

सगळे एकत्र असताना फरक २.२ होता. वेगळे केल्यावर एकीकडे ०.८ आणि एकीकडे ०.५ राहिला. आकडे तेच, माणसं तीच. मी तीनदा बेरीज केली. टॉनिकवाल्या १५ पैकी १२ जणांकडे पाणी होतं, आणि न मारणाऱ्या १९ पैकी फक्त ५ जणांकडे. मी पाण्याचा फरक टॉनिकच्या नावावर टाकला होता.

मग आता ‘टॉनिकमुळे अर्धा ते पाऊण क्विंटल’ असं लिहू का?

जुना फील्डमन

नाही. पाणी वेगळं केलंस, छान केलंस. बियाणं घरचं की विकतचं? पेरणी १५ जूनला झाली की ५ जुलैला? माणूस स्वतः राबतो की बटईने दिलंय? एकेक वेगळं करत गेलीस तर ३४ जणांचे इतके बारीक गट पडतील की एकेका खान्यात एकच माणूस उरेल. आणि ज्याचा रकानाच नाही ते वेगळं कसं करणार? ‘पाणी लक्षात घेतल्यावर फरक बराच कमी झाला, उरलेला कशाने आहे ते या माहितीवरून सांगता येत नाही’ असं लिही. त्यात कमीपणा नाही.

बांधावरची सहायक

मी कृषी सहायक आहे, पीक कापणीला दरवर्षी असते, म्हणून पहिल्या प्रश्नाचं मी सांगते.

ताई, तिथेही यादृच्छिक अंक (चिठ्ठीसारखे, कोणाच्या मर्जीने न निवडलेले) असतात, गोंधळ त्यामुळेच होतो. कोणता गट नंबर घ्यायचा ते अंकावरून निघतं. शेतात गेल्यावर कोपऱ्यापासून लांबीत किती पावलं आणि रुंदीत किती पावलं जायचं, तेही अंकावरून. तिथे खुंटी ठोकून सोयाबीनला १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन टाकतो. गेल्या हंगामात एक आजोबा माझ्या हाताला धरून बांधाकडच्या पिवळ्या कोपऱ्यात न्यायला लागले, “इथं लाव बाई, विमा तरी मिळंल.” दुसऱ्या गावात एकाला आपलं पीक दाखवायचं होतं, तो म्हणे विहिरीजवळ लावा. दोघांनाही नाही म्हणावं लागतं. आजोबांना नाही म्हणताना फार वाईट वाटलं, कारण त्यांचं नुकसान खरं होतं.

पण एवढं सगळं करून आम्ही पिकाला काय करतो? काहीच नाही. ना खत बदलतो, ना पाणी. जे शेतकऱ्याने पिकवलंय तेच मोजतो. आमची चिठ्ठी कोणाकडे बघायचं हे ठरवते. काकांची चिठ्ठी कोणाला काय द्यायचं हे ठरवते. आमच्या चिठ्ठीमुळे मोजक्या चौकोनांवरून अख्ख्या मंडळाचा उतारा सांगता येतो, पण तो कशामुळे वाढला किंवा घटला हे सांगता येत नाही. काकांच्या चिठ्ठीमुळे ‘कशामुळे’ कळतं, पण ते त्या २४ प्लॉटांपुरतं. सगळ्या मंडळात तसंच होईल असं त्यावरून म्हणता येत नाही. दोन चिठ्ठ्या, दोन कामं. ‘प्रयोग’ हे नाव सरकारी कागदावर पडलं ते पडलंच.

पीक कापणीची ही पद्धतही १९४०च्या दशकात सुखात्मे-पानसे यांनीच बसवलेली. चौकोन केवढा असावा यावरून सुखात्मे आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला होता. महालनोबिस लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा लहान असला की काठावरची झाडं आत धरली जातात आणि उतारा फुगतो. मी स्वतः दोरीवर आलेल्या झाडाशी वाकून उभी राहते तेव्हा ते पटतं. मूळ आत की बाहेर, हे बघायला मातीत बोट घालावं लागतं.

क्षयरोगाची डॉक्टर

इथपर्यंत वाचून निरीक्षण म्हणजे दुय्यम काम असं कोणाला वाटू नये, म्हणून लिहिते.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ होते. १९४८ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिची चिठ्ठ्यांची योजना त्यांची. औषध फार थोडं होतं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग डॉक्टरने आपल्या मनाने निवडण्यापेक्षा बंद पाकिटांतून नंबर काढले. १०७ रुग्ण. औषध मिळालेल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. तिथे ‘मुळे’ म्हणता आलं.

त्याच हिल यांनी रिचर्ड डॉल या डॉक्टर-संशोधकांबरोबर सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग हा प्रश्न घेतला. इथे पाकीट कसं काढणार? ‘तुम्ही वीस वर्षं ओढा, तुम्ही ओढू नका’ असं कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून त्यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली, सुमारे ४० हजार जणांनी आपल्या सवयी कळवल्या, आणि मग पुढची कित्येक वर्षं कोण कशाने गेलं ते टिपत राहिले. शुद्ध निरीक्षण. काकांनी ज्या फिशरबद्दल लिहिलं, त्यांनी यावरच आक्षेप घेतला: सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील तर? म्हणजे तुझ्या वहीतल्या पाण्यासारखंच तिसरं काहीतरी. आक्षेप पोरकट नव्हता. पण जास्त ओढणाऱ्यांत रोग जास्त, सोडणाऱ्यांत धोका उतरत जातो, वेगवेगळ्या देशांत पुन्हा तेच चित्र, असे धागे जुळत गेले आणि फिशर यांचं म्हणणं टिकलं नाही. चिठ्ठीशिवाय ‘मुळे’पर्यंत जाता येतं, पण त्याला अशी वर्षानुवर्षांची, चारही बाजूंनी केलेली मोजणी लागते. एका हंगामाच्या ३४ माणसांवर नाही.

आणि आपल्या देशातलं एक, जे मला फार जवळचं आहे. पूर्वी क्षय म्हणजे सॅनेटोरियम, मिरजेला आमच्याकडे होतंच. चांगली हवा, पूर्ण आराम, चांगलं जेवण. १९५६ साली मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र सुरू झालं आणि त्यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांची चिठ्ठीने वाटणी केली: काही सॅनेटोरियममध्ये, काही आपल्याच घरी, औषधं दोघांना तीच, एक वर्ष. घरच्यांना जेवण कमी, खोली लहान, काम सुटलेलं नाही. १९५९ साली निकाल आला तेव्हा बरं होण्यात दोन्हीकडे जवळजवळ सारखंच यश होतं, आणि घरच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. नुसत्या निरीक्षणातून हे कधीच बाहेर आलं नसतं, कारण एरवी सॅनेटोरियममध्ये कोण पोचायचं आणि घरी कोण राहायचं हे पैसा आणि आजाराची अवस्थाच ठरवायची. आज माझे रुग्ण गोळ्या घेऊन आपल्या घरी जातात, पोराबाळांत राहतात, त्याच्या मुळाशी मद्रासच्या त्या चिठ्ठ्या आहेत.

शिवारातली

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘मुळे’ खोडला आणि पाण्याचा तक्ता जोडला. कृषी सहायक ताईंचं ‘कोणाकडे बघायचं’ आणि ‘कोणाला काय द्यायचं’ हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

बाबांना पण सांगितलं. ते म्हणाले, चिठ्ठी टाकून बघ मग आपल्याच रानात. पण त्यांचं एक म्हणणं आहे. टॉनिक चांगलं असेल तर अर्ध्या रानाला का उपाशी ठेवायचं, आणि वाईट असेल तर अर्ध्याला तरी का मारायचं? मला उत्तर देता आलं नाही. काका, तीन एकरांत कसं बसवायचं?

जुना फील्डमन

बाबांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की चांगलं का वाईट हे आज त्यांना माहीत नाही, तुला नाही, मला नाही. माहीत असतं तर चिठ्ठी टाकणं चूकच झालं असतं. तीनही एकर गुंतवू नका. एक एकर तुझा, दोन एकरांत त्यांना पटेल ते करू दे.

त्या एकरात सहा जोड्या पाड. उतार ज्या दिशेने आहे त्या दिशेने जोड्या एकाखाली एक याव्यात, म्हणजे एका जोडीतले दोन्ही तुकडे एकाच पातळीवर राहतील. प्रत्येक जोडीसाठी रुपया उडव: छापा आला तर डावीकडे टॉनिक, काटा आला तर उजवीकडे. सहा वेळा उडवायचा, आणि पडेल ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं. सलग चार वेळा छापा आला तरी पुन्हा उडवायचा नाही. टॉनिक नसलेल्या तुकड्यावर त्याच दिवशी, त्याच पंपाने, तेवढंच साधं पाणी मार, नाहीतर फरक फवाऱ्यातल्या ओलीचा की टॉनिकचा, हा नवा घोळ होईल. आधी पाण्याचे पंप मार, मग टॉनिकचे, म्हणजे पंप धुवायची चिंता नको. वारं पडलेलं असताना, सकाळीच. दोन तुकड्यांच्या मधल्या चार ओळी मोजणीत धरू नकोस, फवारा तिथवर उडतो.

कापणीला बारा तुकड्यांचे बारा ढीग, बारा गोण्या. गोणीवर फक्त नंबर टाक, ट्रीटमेंट लिहू नकोस, आणि काट्यावर वजन वाचणाऱ्याला कोणता नंबर कशाचा ते सांगू नकोस. बाबा असले तरी नाही. सगळ्या गोण्या सारख्या वाळल्यावरच वजन कर. शेवटी जोडीतल्या जोडीत वजाबाकी कर, सहा फरक येतील, त्यावर जोडीची टी-टेस्ट सर दाखवतील. निकाल त्या एकराचा आणि त्या हंगामाचा असेल, तेवढाच लिही.

पेरणीआधी रानाचा हाताने काढलेला नकाशा इथे टाक. उतार कुठल्या अंगाला, बोअर कुठे, बांधावर झाड असेल तर दुपारनंतर त्याची सावली किती ओळींवर येते. आणि आजीला विचार, त्या रानात पूर्वी खळं किंवा उकिरडा कुठे होता. रुपया उडवायच्या आधी विचार.